युक्तिवाद संपला, निकाल कुठे आहे?

दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या डोंगरात खानदेशातली आपली माणसे जमतात. धुळ्या-साक्रीहून येतात, अमळनेर-पारोळ्याहून येतात, थेट भुसावळ-रावेरपासून येतात. लांडोर बंगल्याकडे जाणारी वाट पावसाने निसरडी झालेली असते. लेकरे कडेवर आणि भाकरीची गाठोडी काखेत घेऊन बायाबापड्या ती वाट चढतात. १९३७ साली याच दिवशी बाबासाहेब धुळ्याला आले होते, त्याची ही भीमस्मृती यात्रा. आम्हीही पुष्कळ वर्षे जातो. पण बाबासाहेब त्या दिवशी धुळ्याला कशासाठी आले होते, असे जमलेल्या मुलांना विचारले तर दहात एखादाच सांगतो. ते मुळात आले होते कोर्टाच्या कामासाठी. अंगात वकिलाचा कोट, हातात खटल्याचे कागद, आणि कोर्टाने नेमलेली तारीख.

त्याच वर्षीची आणखी एक तारीख आपल्या घराघरांत ठाऊक असायला हवी. १७ मार्च १९३७. या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात आपल्या बाजूने निकाल दिला. तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले ते २० मार्च १९२७ रोजी. सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा लावला तो त्याच वर्षी १२ डिसेंबरला, आणि कोर्टाने तात्पुरती मनाई दिली ती १४ डिसेंबरला. पुढे मनाई उठली, १९३१ मध्ये महाडला निकाल लागला, १९३३ मध्ये ठाण्याला अपील फेटाळले गेले, मग मुंबई. मनाई मिळायला दोन दिवस लागले आणि न्याय मिळायला नऊ वर्षे. बॅरिस्टर आंबेडकर स्वतः प्रतिवादी होते, तरीही नऊ वर्षे. मग आपल्या बोरीकाठच्या एखाद्या म्हातारीची काय कथा?

ही म्हातारी आम्ही पाहिली आहे. तिच्यामुळेच हा लेख लिहायला घेतला.

खानदेशातल्या एका तालुक्याच्या कोर्टात आम्ही दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अशी आजीबाई प्रत्येक तालुक्यात सापडेल. व्हरांड्यात भिंतीला टेकून ती बसली होती. पिशवीत भाकर, ठेचा आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले दाव्याचे कागद. अकरा वाजता पट्टेवाल्याने पुकारा सुरू केला. दाराबाहेर लावलेल्या बोर्डावर त्या दिवसाची प्रकरणे आम्ही मोजली, अठ्ठावन्न भरली. साडेबाराला आजीच्या नावाचा पुकारा झाला. ती पदर सावरत आत गेली आणि पाणी प्यायला लागेल तेवढ्या वेळात बाहेर आली.

"काय व्हयनं वं माय?" आम्ही विचारले.

"तारीख पडनी."

दावा वतनाच्या जमिनीचा. १९५८ च्या कायद्याने महार वतने खालसा झाली, जमिनी पुन्हा मूळ वतनदारांच्या नावे झाल्या, आणि तेव्हापासून भाऊबंदकी, परस्पर केलेली खरेदीखते आणि सातबाऱ्यावरच्या नोंदी यांनी आपल्या समाजातल्या किती घरांना कोर्टाची पायरी चढायला लावली याचा हिशेबच नाही. आजीच्या नवऱ्याने हिश्श्यासाठी दावा लावला. तो वारला. वारस दाखल करण्यात दीड वर्ष गेले. साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या. शेवटी एका हिवाळ्यात दोन्ही बाजूंच्या वकिलांचे युक्तिवाद संपले आणि रोजनाम्यात नोंद झाली: निकालाकरिता. आजीला वाटले, आता संपले. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. प्रत्येक तारखेला 'निकाल तयार नाही' एवढेच उत्तर. उन्हाळ्यात बदल्यांचे हुकूम निघाले आणि साहेब निकाल न लिहिताच दुसऱ्या जिल्ह्यात गेले. नवे साहेब आले. त्यांनी साक्षी ऐकलेल्या नाहीत, युक्तिवाद ऐकलेले नाहीत. ते म्हणाले, पुन्हा युक्तिवाद करा. त्यांचेही चुकले असे म्हणता येत नाही, कारण न ऐकलेल्या दाव्याचा निकाल त्यांनी कसा द्यायचा? पण आजीच्या वकिलाने पुन्हा फी मागितली. विरुद्ध बाजूच्या वकिलाने दोन मुदती घेतल्या. आणि आजी आम्हाला विचारू लागली, "आते परत पहिलेपाईन का, भाऊ?"

वाचक बंधुभगिनींनो, आमचा सगळा लेख या एका प्रश्नाभोवती आहे. जे साहेब निकाल न लिहिता गेले, त्यांना कुणी विचारले का?

कायद्यात तर सगळे लिहिलेले आहे

दिवाणी प्रक्रिया संहितेत विसावा आदेश आहे. त्याचा पहिलाच नियम सांगतो की सुनावणी संपल्यावर लगेच किंवा तीस दिवसांच्या आत निकाल द्यावा, आणि असाधारण कारण असेल तरी सामान्यतः साठ दिवसांच्या पुढे जाऊ नये. त्याच संहितेच्या सतराव्या आदेशात म्हटले आहे की दाव्याच्या सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत. ही दुरुस्ती २००२ पासून अमलात आहे. (तीन तहकुब्यांचा हा नियम आम्ही एका ज्येष्ठ वकीलसाहेबांना वाचून दाखवला, तेव्हा ते चहा सांडेपर्यंत हसले. सर्वोच्च न्यायालयानेही २००५ मध्ये, अगदी अपरिहार्य कारण असल्यास तिसरीनंतरही तहकुबी देता येईल, असा अर्थ लावून ठेवला आहे. फट दिसली की तिचे दार व्हायला आपल्याकडे वेळ लागत नाही.) फौजदारीत १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यात दोनच तहकुब्या आहेत, आणि सत्र न्यायालयाने युक्तिवाद संपल्यावर तीस दिवसांत, कारण नोंदवून फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल द्यायचा आहे.

आपल्या लोकांना जवळचा कायदा म्हणजे अत्याचार प्रतिबंधक कायदा. २०१५ च्या दुरुस्तीने त्याचे चौदावे कलम नव्याने लिहिले गेले आणि २६ जानेवारी २०१६ पासून ते लागू झाले. खटला रोजच्या रोज चालवावा, दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून शक्यतो दोन महिन्यांत संपवावा, अपील तीन महिन्यांत निकाली काढावे. दोन महिने! आणि प्रत्यक्ष काय घडते? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अलीकडच्या वर्षांचे अहवाल उघडून पाहा. अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे जे खटले कोर्टांपुढे असतात त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक वर्षअखेरीस प्रलंबितच असतात. दरम्यान फिर्यादी त्याच गावात राहतो, त्याच पाटलाच्या शेतात त्याला कामाला जावे लागते, त्याच किराणा दुकानातून मीठ-मिरची आणावी लागते. साक्षीदार किती दिवस ताठ राहील? अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्याचा नितीन आगे २८ एप्रिल २०१४ रोजी मारला गेला. साडेतीन वर्षांनी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, सगळे आरोपी सुटले, कारण साक्षीदार फिरले होते. ते फक्त उशिरामुळेच फिरले असे आम्ही म्हणणार नाही. गावात दहशत असते, पैसा असतो, नातीगोती असतात. पण या सगळ्यांना काम करायला वेळ लागतो, आणि तो वेळ कोर्ट पुरवते.

घरातल्या बायकांचीही तीच गत. पोटगीच्या अर्जात अंतरिम पोटगीचा निर्णय शक्यतो साठ दिवसांत व्हावा, असे २००१ च्या दुरुस्तीने म्हटले. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याने तर पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांत आणि निकाल पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न करा, असे सांगितले. माहेरी परत आलेली लेक दोन पोरे घेऊन भावजयीच्या संसारात कशी दिवस काढते, हे आमच्या वाचक भगिनींना सांगायला नको. तिच्या दृष्टीने साठ दिवस हा कायद्यातला आकडा नसतो. पोराची शाळेची फी भरली जाणार की नाही, हा त्याचा अर्थ असतो.

प्रत्येक कलमात 'शक्यतो', 'सामान्यतः', 'प्रयत्न करावा' हे शब्द आहेत. ते का घातले हे आम्ही समजू शकतो, कारण खटला म्हणजे पिठाची गिरणी नव्हे. पण मुदत मोडली तर मोडणाऱ्याने कारण कुणाला सांगायचे, हे मात्र त्या कलमांत नीट सापडत नाही. पक्षकाराने मुदतीत कैफियत दिली नाही तर त्याला दंड होतो, दावा एकतर्फी चालतो. अपिलाला उशीर झाला तर दिवसादिवसाचा खुलासा द्यावा लागतो. उशिराचा हिशेब द्यायचा नियम कोर्टात सगळ्यांना आहे, उच्चासनावर बसलेल्याला सोडून.

जळगावचे घरकुल, धुळ्याचा निकाल

आता कुणी म्हणेल, एका म्हातारीच्या दाव्यावरून तुम्ही न्यायाधीशांना बोल लावता. तर मग खानदेशातला सर्वांत गाजलेला खटला घ्या. जळगावच्या झोपडपट्टीवासीयांना घरे देण्यासाठी तेव्हाच्या नगरपालिकेने घरकुल योजना काढली. घरे थोडीच झाली, पैसा मात्र गेला. २००६ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी सुमारे २९ कोटी रुपयांच्या गैरव्यवहाराची फिर्याद दिली. माजी मंत्री सुरेश जैन यांना अटक झाली ती २०१२ च्या मार्चमध्ये, म्हणजे सहा वर्षांनी. खटला धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला. न्यायाधीश सृष्टी नीळकंठ यांनी ३१ ऑगस्ट २०१९ रोजी निकाल दिला. अठ्ठेचाळीस जण दोषी ठरले, जैन यांना सात वर्षे कैद आणि शंभर कोटी रुपये दंड झाला. त्यावर अपिले उच्च न्यायालयात गेली.

फिर्यादीपासून निकालापर्यंत साडेतेरा वर्षे. ज्या झोपडीतले बाळ फिर्यादीच्या वर्षी जन्मले ते निकालाच्या दिवशी आठवी-नववीत होते, आणि शाळेतून घरी येत होते ते बहुधा त्याच झोपडीत.

पण या साडेतेरा वर्षांचा दोष न्यायाधीशांवर टाकणे अन्यायाचे होईल. पहिली सहा वर्षे तर तपासातच गेली, तिथे कोर्टाचा संबंध थोडा. पुढे आरोपी बडे होते, वकील बडे होते, अर्ज आणि त्यावरची अपिले वरपर्यंत जात होती. ज्या न्यायाधीशांनी शेवटी निकाल लिहिला त्यांनी आपले काम पुरे केले. म्हणजे उशीर हा एकाच माणसाचा नसतो. त्यात पोलिसांचा वाटा असतो, सरकारी वकिलाचा असतो, समन्स न बजावणाऱ्या बेलिफाचा असतो, मुदत मागणाऱ्या वकिलाचा असतो, कधीकधी खुद्द आपला असतो, आणि न्यायाधीशाचाही असतो. आमचे म्हणणे एवढेच की हा वाटा वेगळा काढता येतो. तो रोजनाम्यात लिहिलेला असतो.

रोजनामा म्हणजे खटल्याची रोजची डायरी. कोण हजर होते, कोणी मुदत मागितली, कोणत्या कारणाने तारीख पडली, हे सगळे तिथे असते. आजीबाईच्या दाव्याचा रोजनामा आम्ही नक्कल काढून वाचला. एकूण तारखांपैकी वकिलांनी मागितलेल्या मुदती सर्वांत जास्त होत्या, आणि त्यांत आजीच्या स्वतःच्या वकिलांच्याही काही होत्या. हे आजीला सांगताना आम्हालाच संकोच वाटला. काही तारखा साहेब रजेवर असल्याने पडल्या, माणूस आजारी पडतोच. पण युक्तिवाद संपल्यानंतरच्या पाच महिन्यांत ना साक्षीदार आडवा आला होता, ना पोलीस, ना वकील. दोन्ही बाजू हात जोडून बसल्या होत्या. ते पाच महिने फक्त एका माणसाचे होते.

उत्तरदायित्व मागायचे तर नेमके इथे मागावे. सगळ्या उशिराचे ओझे न्यायाधीशाच्या डोक्यावर ठेवू नये, पण जो उशीर त्याचा एकट्याचा, त्याचे कारण त्याने लिहून द्यावे.

विचारायचे कुणी?

खालच्या कोर्टांवर राज्यघटनेच्या २३५ व्या कलमाने उच्च न्यायालयाची हुकमत आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाखाली येतात. न्यायाधीशांचे गोपनीय अहवाल लिहिले जातात, बढती त्यावर ठरते, पन्नाशीनंतर ठराविक टप्प्यांवर कामाची छाननी होऊन काहींना घरीही पाठवले जाते. महिन्याकाठी किती काम केले ते 'युनिट'मध्ये मोजले जाते. म्हणजे उत्तरदायित्व अजिबात नाही असे नाही. पण ते बंद कपाटातले आहे. आजीच्या दाव्यातल्या पाच महिन्यांची नोंद त्या साहेबांच्या अहवालात झाली की नाही, हे आजीला कधीच कळणार नाही.

त्या युनिटच्या मोजमापाचाही एक तोटा आहे, आणि तो गरिबाला भोवतो. आकडा भरायचा असेल तर माणूस सोपे काम आधी उरकतो. नवा, पातळ फाईलचा, दोन तारखांत संपणारा खटला निकाली निघतो आणि वीस वर्षांचा जाड बासनातला वतनाचा दावा कपाटात राहतो. मजुराला 'किती क्विंटल कापूस वेचला' एवढेच विचारले तर तो उंच झाडाची बोंडे सोडून देणारच. नुसत्या आकड्यांनी न्यायाधीशाला धारेवर धरणे आम्हाला धोक्याचे वाटते, कारण घाईत दिलेला निकाल दुबळ्याच्याच विरुद्ध जाण्याची भीती जास्त. किती निकाल दिले यापेक्षा युक्तिवाद संपलेला कोणता खटला किती दिवस पडून आहे, हे मोजावे.

उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची गोष्ट निराळी. त्यांचा गोपनीय अहवाल कुणी लिहीत नाही. त्यांना पदावरून दूर करायचे तर लोकसभेतल्या शंभर किंवा राज्यसभेतल्या पन्नास सदस्यांच्या सह्या, चौकशी समिती, मग दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते. १९९३ मध्ये न्यायमूर्ती रामस्वामींविरुद्धचा ठराव सत्ताधारी खासदार मतदानापासून दूर राहिल्याने लोकसभेत पडला. २०११ मध्ये न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्ध राज्यसभेने ठराव केला, पण लोकसभेपुढे जाण्याआधी त्यांनी राजीनामा दिला. ही दोन्ही प्रकरणे पैशाच्या गैरव्यवहाराची. निकाल दिला नाही म्हणून संसदेने कुणाला जाब विचारावा, ही गोष्ट घडण्यातली नाही. खरे तर तसे घडूही नये. निकाल लांबला म्हणून खासदारांनी न्यायमूर्तीला हलवायचे ठरवले तर उद्या निकाल पटला नाही म्हणूनही हलवतील.

मग उपाय काय? तो सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच २००१ मध्ये सांगितला आहे. बिहारमधल्या अनिल राय यांच्या खटल्यात पाटणा उच्च न्यायालयाने युक्तिवाद ऐकून सुमारे दोन वर्षे निकाल राखून ठेवला होता. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने दंडक घातला की निकालपत्राच्या पहिल्याच पानावर, निकाल कधी राखला आणि कधी दिला, या दोन्ही तारखा छापाव्यात. तीन महिने झाले तर पक्षकाराला निकाल लवकर देण्यासाठी अर्ज करता येईल. सहा महिने झाले तर प्रकरण दुसऱ्या पीठाकडे द्या, असा अर्ज मुख्य न्यायमूर्तींकडे करता येईल. छान दंडक, पण चोवीस वर्षे तो बहुतेक कागदावरच राहिला.

कसा राहिला ते झारखंडच्या उदाहरणावरून कळते. तिथे जन्मठेपेच्या चार कैद्यांची अपिले उच्च न्यायालयाने ऐकली आणि निकाल राखून ठेवला. दोन-तीन वर्षे झाली तरी निकाल नाही. कैदी आदिवासी आणि मागास समाजातले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने विचारणा करताच मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिले, आणि तीन जण निर्दोष सुटले! चौथ्याच्या बाबतीत दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही आणि त्याला जामीन मिळाला. थांबून विचार करा. ज्यांच्या निर्दोषपणाचा निकाल द्यायचा होता ती माणसे, सगळे ऐकून झाल्यावरही, वर्षानुवर्षे तुरुंगात बसली, केवळ कागद लिहिला गेला नाही म्हणून. त्या वर्षांची भरपाई कोण देणार? न्यायाधीशांवर दावा लावता येत नाही, १९८५ च्या संरक्षण कायद्याने ती वाट बंद केली आहे, आणि ते बरोबरच आहे. पण राज्याने तरी काही द्यावे की नाही?

त्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सगळ्या उच्च न्यायालयांकडून राखून ठेवलेल्या निकालांची माहिती मागवली. मग ऑगस्ट २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात आणखी पुढचे पाऊल टाकले. तीन महिन्यांत निकाल दिला नाही तर उच्च न्यायालयाच्या महाप्रबंधकांनी ते प्रकरण मुख्य न्यायमूर्तींपुढे ठेवायचे, मुख्य न्यायमूर्तींनी संबंधित पीठाला दोन आठवड्यांची मुदत द्यायची, तरीही निकाल नाही तर प्रकरण दुसऱ्या पीठाकडे. म्हणजे आता पक्षकाराने अर्ज करण्याचीही वाट पाहायची नाही. २००१ मध्ये हेच झाले असते तर!

पण हा हुकूम उच्च न्यायालयांपुरता. तालुक्याच्या कोर्टात आजीसाठी असे कुणी आपोआप प्रकरण उचलून पुढे ठेवत नाही. बदलीचा हुकूम निघालेल्या न्यायाधीशाने युक्तिवाद संपलेल्या सगळ्या दाव्यांचे निकाल देऊनच पदभार सोडावा, राहिलेल्यांची यादी कारणांसह जिल्हा न्यायाधीशांना द्यावी आणि ती यादी कोर्टाच्या फलकावर लागावी. आमची मागणी इतकी साधी आहे. शाळामास्तरची बदली झाली तर तपासलेले पेपर दिल्याशिवाय त्याला मोकळे करत नाहीत.

न्यायव्यवस्थेचे स्वातंत्र्य धोक्यात येईल, असे यावर काही विद्वान म्हणतात. आम्ही त्यांना आदरपूर्वक विचारतो, निकाल काय द्यायचा हे स्वातंत्र्य की निकाल केव्हाही द्यायचा हे स्वातंत्र्य? पहिल्यासाठी आम्ही जीव टाकू. दुसऱ्याचा घटनेत कुठे उल्लेख नाही. २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर चर्चा चालू असताना बाबासाहेबांनी सरन्यायाधीशांविषयी जे सांगितले त्याचा आशय असा की ते कितीही थोर असले तरी शेवटी माणूसच आहेत, आणि सामान्य माणसाचे दोष, भावना, पूर्वग्रह त्यांनाही असतात. माणूस म्हटला की कंटाळा आला, टाळाटाळ आली. त्याला दिवसांची आठवण करून देणारा कुणीतरी हवा. आणि माणूस म्हणूनच त्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. विधी आयोगाने १९८७ मध्ये दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत असे सांगितले होते. आजही त्याच्या निम्मेही नाहीत, आणि देशात प्रलंबित प्रकरणे पाच कोटींच्या वर गेली आहेत. रात्री घरी बासने नेऊन निकालपत्रे लिहिणारे न्यायाधीश आम्ही पाहिले आहेत. त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणूनच ज्याचा उशीर त्याच्या नावावर लिहिला जावा.

आजीसाठी आम्ही काय केले ते सांगतो, इतरांनाही उपयोगी पडेल. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत अर्ज केला आणि दुसऱ्यांदा फी मागणाऱ्या वकिलांना नमस्कार केला. रोजनाम्याची नक्कल काढली. शहरात राहणाऱ्यांना ती आता ई-कोर्टाच्या संकेतस्थळावरही पाहता येते, घरातल्या शिकत्या पोराला सांगा. मग नव्या वकीलताईंनी कोर्टात अर्ज दिला: वादी वृद्ध विधवा आहे, युक्तिवाद एकदा पूर्ण झालेले आहेत, विसाव्या आदेशातली मुदत उलटून गेली आहे, तरी सुनावणी प्राधान्याने घेऊन निकाल द्यावा. दुसरा अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या नावे, झालेल्या पाच महिन्यांच्या नोंदी जोडून, प्रतिज्ञापत्रासह, कारण न्यायाधीशाविरुद्धच्या तक्रारीची दखल त्याशिवाय सहसा घेतली जात नाही. कुणावर आरोप नाही, वाईट शब्द नाही, नुसत्या तारखा.

आजीचा मुलगा घाबरला होता. साहेबांविरुद्ध लिहिले तर कोर्टाची बेअदबी होईल, जमीन जाईल. त्याला आम्ही १९७१ च्या बेअदबी कायद्याचे सहावे कलम वाचून दाखवले. खालच्या न्यायाधीशाविषयी सद्हेतूने वरच्या कोर्टाकडे तक्रार करणे म्हणजे बेअदबी नव्हे, असे त्यात स्वच्छ लिहिलेले आहे. तो दोनदा ऐकून गप्प बसला. मग म्हणाला, हे कलम त्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, खिशात ठेवतो.

शिरस्तेदारांनी अर्ज उलटून पाहिला, काही न बोलता शिक्का मारला आणि पोच दिली. नव्या साहेबांनी अर्ज वाचून विरुद्ध वकिलांना विचारले, मागचे लेखी युक्तिवाद फाईलमध्ये आहेत, त्यात आणखी काय सांगायचे आहे? त्यांनी मुदत मागितली. साहेबांनी आठ दिवसांची दिली आणि 'शेवटची मुदत' असे रोजनाम्यात लिहायला सांगितले.

बाहेर येऊन आजीने तारखेची चिठ्ठी पदराच्या टोकाला बांधली. आठ दिवसांनंतरची तारीख तिला कधी मिळाली नव्हती, त्यामुळे तिने ती पुन्हा एकदा वाचून दाखवायला सांगितली. मग मुलाला म्हणाली की त्या दिवशी कापूस वेचायला जाऊ नकोस, दोघे येऊ.